निरसं दूध आणि क्रोन्स : खरंच काही संबंध आहे का?

पिठलंभाकरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज प्रश्न घेऊन आलेय. माझ्या दिराला क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण येत राहणारा जुनाट आजार) निघालाय. वय २६, हिंजवडीला नोकरी. वर्षभर पोटात कळा, जुलाब, वजन उतरत चाललेलं. आधी म्हणे अ‍ॅसिडिटी, मग आमांश, मग आतड्याचा टीबी, असं करत करत कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी होऊन गाडी क्रोन्सवर थांबली. औषधं चालू आहेत, आता बराच बरा आहे.

प्रश्न दुधाचा आहे. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या एका काकूंनी सांगितलं की पिशवीच्या दुधामुळेच हे सगळे रोग वाढलेत, देशी गाईचं निरसं दूध द्या, आतडी आतून भरून येतात. झालं, मुळशीकडच्या एका गोठ्यातून काचेच्या बाटलीतला रतीब सुरू, भाव विचारू नका. दीर रोज सकाळी एक पेला न तापवता पितो. आणि इकडे माझ्या नवऱ्याने कुठेतरी बरोब्बर उलटं वाचलंय, की गाईच्या कच्च्या दुधात कसलासा जंतू असतो आणि त्यानेच क्रोन्स होतो. घरात सरळ दोन पार्ट्या पडल्यात आणि मी मध्ये. कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा. गूगल करून मी दमले.

कुरकुऱ्या

दूध, देशी गाय आणि सासूबाई एकाच धाग्यात. शंभरी नक्की. जागा धरून बसतो.

रानमेवा_०७

ताई, काकूंचं अगदीच चूक नाही. आम्ही चार वर्षं निरसंच पितो, मुलांची सर्दी-खोकला कमी झाला. आणि हे माझ्या मनाचं नाही, युरोपात शेतावर वाढलेल्या मुलांवर मोठे अभ्यास झालेत, गोठ्यातलं न तापवलेलं दूध पिणाऱ्या मुलांत दमा आणि अ‍ॅलर्जी कमी दिसते. पाश्चराइज करताना चांगले-वाईट सगळेच जंतू मरतात, मग आतड्यात उरणार काय? आपले आजोबा-पणजोबा धारोष्ण पिऊनच दणकट होते ना. त्यांना कुठे क्रोन्स होता?

मावळतीचं_ऊन

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, दारात चार गाई, दोन म्हशी. धारोष्ण दूध पीत असत ते घरातले तालमीत जाणारे पुरुष, तेही कधीतरी, कौतुक म्हणून. बाकी सगळ्या घराला तापवलेलंच. आई धार आली की दूध गाळून मातीच्या मडक्यात ओतायची आणि गोवऱ्यांच्या धगीवर ठेवून द्यायची, ते संध्याकाळपर्यंत हूं हूं करत तापत राहायचं, रंग बदामी, वर बोटभर जाड साय. त्याचंच विरजण लागायचं. निरसं दूध लहान पोराच्या हाती लागलं तर आजी ओरडायची. तेव्हा दणकटपणा कच्च्या दुधाने आला हे काही मला पटत नाही बाई.

गोठ्यातून

मी पशुवैद्य आहे, सांगली-सातारा पट्ट्यात हयात गेली. माणसाच्या आतड्याचं डॉक्टर मंडळी बघतील, मी गाईचं सांगतो.

पिठलंभाकरी, तुमचे मिस्टर ज्या जंतूबद्दल म्हणतायत तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्यूबरक्युलोसिस, सगळे मॅपच म्हणतात. टीबीच्या जंतूच्याच कुळातला. त्याने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांना होतो तो जोन्स डिसीज. वासरू पहिल्या काही महिन्यांत शेणाने बरबटलेल्या सडाला तोंड लावतं किंवा चिकातूनच घेतं, आणि मग कित्येक वर्षं काहीच नाही. दोन-तीन वेतं होतात, दूध चांगलं, आणि मग कधीतरी व्यायल्यानंतर जनावर पातळ हगायला लागतं. ताप नाही, खाणं व्यवस्थित, रवंथ चालू, पण अंग उतरतच जातं, फऱ्यावरचं मांस जातं, शेवटी जबड्याखाली पाणी उतरतं. मालक जंताचं औषध देतो, सल्फाच्या गोळ्या देतो, दोन दिवस शेण बांधल्यासारखं होतं आणि परत तेच. यावर औषध नाही. मेल्यावर पोट उघडलं तर आतड्याचा शेवटचा भाग जाडजूड झालेला, आतून वळ्याच वळ्या.

आणि अशी गाय जाते कुठे? बाजारात. घेणारा दुसऱ्या गोठ्यात नेऊन बांधतो आणि तिच्या शेणातून तिथल्या वासरांना प्रसाद. शेणा-मातीत हा जंतू महिनोन्महिने टिकतो.

दुधात येतो का, तर येतो. लक्षणं दिसणाऱ्या गाईच्या दुधात येतो, वरून धडधाकट दिसणाऱ्या काहींच्याही येतो, आणि कास न धुता धार काढली तर शेणातून पडतो तो वेगळाच. गीर, खिल्लार, जर्सी, होल्स्टीन असला भेद तो करत नाही. मथुरेजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे, तिथे यावर बरीच वर्षं काम चाललंय, आपल्या देशी जनावरांत तो चांगलाच पसरलेला आहे.

रानमेवा_०७

डॉक्टर, गाईला होतो हे मान्य. पण त्याने माणसाला क्रोन्स होतो याला पुरावा काय?

ओपीडी_नंबर_४

गॅस्ट्रोमध्ये काम करतो, रोज असे पेशंट बघतो, म्हणून जरा लांबण लावतो.

ही शंका आजची नाही. १८९५ साली जर्मनीत ड्रेस्डेनला योने आणि फ्रॉदिंगहॅम यांनी गाईतला हा आजार पहिल्यांदा वर्णन केला, जोन्स हे नाव पडलं ते याच योनेंवरून. १९१३ मध्ये ग्लासगोच्या डॅल्झिएल नावाच्या सर्जनने माणसांच्या आतड्याच्या अशाच जाड होणाऱ्या, टीबीसारख्या दिसणाऱ्या पण टीबीचा जंतू न सापडणाऱ्या केसेस छापल्या, आणि तिथेच लिहिलं की हे गुरांच्या त्या आजारासारखं दिसतंय, दोन्ही एकच असू शकतील. क्रोन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा न्यूयॉर्कचा पेपर आला १९३२ ला. म्हणजे आजाराला क्रोनचं नाव मिळायच्या १९ वर्षं आधी गाईवर बोट ठेवून झालं होतं.

नंतर १९८४ च्या सुमारास चिओडिनी यांनी क्रोन्सच्या पेशंटच्या आतड्यातून हा जंतू वाढवून दाखवला. २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नासेर आणि मंडळींनी रक्तातून वाढवला, क्रोन्सच्या २८ पैकी १४ जणांत सापडला, आजार नसलेल्या १५ पैकी एकातही नाही. २००७ ला सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही क्रोन्सच्या पेशंटमध्ये मॅप जास्त वेळा सापडतो हे टिकलं.

इथपर्यंत वाचलं की वाटतं संपलं, सापडला चोर. पण जखम झालेल्या आतड्यात कुठलाही जंतू जास्त शिरतो. चोर म्हणायचा की गर्दीत घुसलेला बघ्या, हे नुसतं सापडण्यावरून ठरत नाही. दुसरं, जोन्सची जनावरं सांभाळणाऱ्या ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांत क्रोन्स जास्त आहे का हे तपासलं, तसं काही दिसलं नाही. आणि तिसरं मला स्वतःला सगळ्यात जड वाटतं. क्रोन्समध्ये आम्ही टीएनएफ (शरीरात सूज वाढवणारं एक प्रथिन) दाबणारी इंजेक्शनं देतो. टीबी अंगात झोपलेला असेल तर तो त्या इंजेक्शनांनी उसळतो. मग टीबीच्या कुळातल्या जंतूने क्रोन्स होत असेल तर पेशंट बिघडायला हवा, आणि इथे तर तो सुधारतो.

उलट बाजूही आहे हां. ऑस्ट्रेलियात २१३ पेशंटना क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन आणि क्लोफाझिमिन अशी मॅपविरोधी तीन औषधं दोन वर्षं देऊन बघितली. पहिल्या चार महिन्यांत फरक दिसला, पुढे टिकला नाही, निकाल लागला २००७ ला. त्यावर मॅपवाले म्हणतात डोस कमी होता. मग याच औषधांची एकत्र गोळी काढून परत मोठी ट्रायल झाली, २०१८ ला आकडे आले, २६ आठवड्यांनी आजार शांत झालेले ३७ टक्के, नुसत्या खोट्या गोळीवाले २३ टक्के. काहीतरी आहे, पण ही औषधं सूज पण कमी करतात आणि इतरही बरेच जंतू मारतात, त्यामुळे फायदा मॅप मेल्याने झाला असं छातीठोक कोण सांगणार?

माझं मत विचाराल तर जनुकं, आतड्यातले इतर जंतू, लहानपणीची अँटिबायोटिक्स, सिगरेट या सगळ्यांच्या जोडीला काही लोकांत मॅपचा हात असेलही. दुधाने क्रोन्स होतो असं मी पेशंटला सांगत नाही. निरशा दुधाने बरा होतो असं तर मुळीच नाही.

ताई, दिराला औषधं कोणती चालू आहेत?

पिठलंभाकरी

अ‍ॅझाथायोप्रीन. आणि पुढच्या महिन्यात अ‍ॅडालिम्युमॅबची इंजेक्शनं सुरू करायची म्हणतायत.

ओपीडी_नंबर_४

मग मॅपबिप सगळं राहू दे बाजूला, निरसं दूध आजपासून बंद. उद्यापासून नाही, आज. या औषधांवर प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणलेली असते. अशा माणसाला कच्च्या दुधातून लिस्टेरिया, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ब्रुसेला, गाईचा टीबी, यातलं काहीही महागात पडतं. इंजेक्शनाआधी छातीचा एक्सरे आणि टीबीची तपासणी कशासाठी करतात वाटतं? इकडे तपासणी करायची आणि तिकडे सकाळी पेलाभर न तापवलेलं दूध, काय उपयोग. त्याच्या डॉक्टरांना पण सांगा की इतके दिवस पीत होता.

साडेतीन_फूट_कमी

क्रोन्सवाला हजर. आयडीवरून कळलंच असेल, तेवढं आतडं काढून ठेवलंय.

ताई, तुमच्या दिराचा टीबीचा मुक्काम वाचून जुने दिवस आठवले. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक क्रोन्सवाला त्या स्टेशनवरून जातो. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथेच टीबी बसतो आणि तिथेच क्रोन्स बसतो, बायोप्सीत दोन्हीकडे गाठी, टीबीचा जंतू सापडला तर सापडला, बऱ्याचदा टीबी असूनही सापडत नाही. मग एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी परत आत कॅमेरा घालून बघतात, व्रण भरले तर टीबी, नाही भरले तर क्रोन्स. मला गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची आणि आई खूश, औषध लागू पडतंय म्हणून. ते नुसतं रिफाम्पिसिन होतं. व्रण तसेच.

डॉक्टरांना एक विचारायचंय. एकेटी लागू पडली नाही म्हणजे मॅप पण नव्हता असं धरायचं का?

ओपीडी_नंबर_४

नाही धरता येत. एकेटीतल्या आयसोनियाझिड, पायराझिनामाइडला मॅप फारसा दाद देत नाही. म्हणूनच त्या ट्रायलमध्ये वेगळी औषधं होती.

बर्फाळ_मराठी

मिनेसोटातून. क्रोन्सचं माहीत नाही पण कच्च्या दुधाने पोट दीर्घकाळ बिघडण्याचं गाजलेलं प्रकरण आमच्याच राज्यातलं आहे. ब्रेनर्ड नावाचं गाव, मिनियापोलिसच्या उत्तरेला दोनेक तासांवर, तळी आणि मासेमारीसाठी लोक जातात. १९८३ च्या डिसेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे १२२ लोकांना जुलाब लागले. लागले ते थांबेचनात. दिवसाला दहा-वीस वेळा, पाण्यासारखे, लागली की धावायचं. रक्त नाही, ताप नाही. अँटिबायोटिक्सचा उपयोग शून्य. बऱ्याच जणांना वर्षाच्या वर त्रास राहिला. आरोग्य खात्याने माग काढला तर दुवा निघाला एका डेअरीच्या कच्च्या दुधाचा. सगळ्यात विचित्र म्हणजे जंतू, विष, काही म्हणजे काही सापडलं नाही, आजतागायत नाही. आजाराला गावाचंच नाव पडलं, ब्रेनर्ड डायरिया. पुढे १९८७ ला इलिनॉयमध्ये एका हॉटेलच्या शुद्ध न केलेल्या विहिरीच्या पाण्याने तसलंच झालं, म्हणजे दोष काही एकट्या दुधाचा नाही.

इथे कच्चं दूध दुकानात मिळत नाही, शेतावर स्वतः जाऊनच घ्यावं लागतं. तरी घेणारे घेतातच, आपल्यातले दोघं-तिघं पण जातात पेढे आणि खरवसासाठी.

ओपीडी_नंबर_४

ब्रेनर्डची आठवण काढलीत ते बरं केलंत. तो क्रोन्स नव्हे, आतड्यात व्रण नसतात आणि शेवटी आपोआप थांबतो. त्याहून कितीतरी जास्त दिसणारा प्रकार म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर वगैरेचा जुलाब होऊन गेल्यावर महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहणारं आयबीएस, म्हणजे व्रण वगैरे काही नसताना पोट बिघडलेलं राहणं. तपासण्या नॉर्मल, पोट मात्र नॉर्मल नाही. कच्चं दूध आणि दीर्घ पोटदुखी यांचा पक्का धागा जर कुठे असेल तर तो इथे आहे. पण आयबीएसवर कोणी सनसनाटी व्हिडिओ करत नाही.

रानमेवा_०७

एक मुद्दा सगळे टाळतायत. ब्रिटनमध्ये दूध तपासलं होतं, कच्च्या दुधाच्या १.६ टक्के नमुन्यांत जिवंत मॅप आणि पाश्चराइज केलेल्यात १.८ टक्के! अमेरिकेत दुकानातल्या दुधात २.८ टक्के. मग कच्चं सोडून पिशवी घेतल्याने मिळवलं काय?

कुरकुऱ्या

आता आली मजा.

ओपीडी_नंबर_४

आकडे बरोबर आहेत, अभ्यास करून आलात, आवडलं. १.६ आणि १.८ मधला फरक काहीच नाही, आणि जंतू सापडला एवढंच कळतं, दुधात किती होते ते नाही. पण मुद्दा खरा आहे, पाश्चराइज करताना ७२ अंशाला १५ सेकंद तापवतात, एवढ्याने मॅप दर वेळी शंभर टक्के मरतोच असं नाही. ब्रिटनच्या डेअऱ्यांनी म्हणूनच तो वेळ २५ सेकंदांवर नेला होता. पण यातून निघतं काय, तर दूध जास्त तापवा. कच्चं प्या हे कसं निघतं? गाईचा टीबी, ब्रुसेला, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर हे सगळे त्या १५ सेकंदांत खलास होतात. आणि इंग्लंडमध्येच क्रोन्सच्या पेशंटची निरोग्यांशी तुलना केली तेव्हा पाश्चराइज्ड दूध जास्त पिणाऱ्यांत क्रोन्स जरा कमीच दिसला होता.

दम्याचे अभ्यासही खरे आहेत, पण ती मुलं जन्मापासून गोठ्यात, शेणात, चाऱ्यात वाढलेली. हिंजवडीच्या बाराव्या मजल्यावर बाटली मागवून ते होत नाही. आणि ते अभ्यास करणाऱ्यांनीच कच्चं दूध प्या असं सांगितलेलं नाही.

गोठ्यातून

त्यात आपल्याकडे पिशवीचं दूध आणलं तरी ९०-९५ टक्के घरांत, आकडा माझ्या अंदाजाचा हो, पातेल्यात ओतून उतू जाईपर्यंत तापवतात. परदेशात कार्टन फोडून तसंच ओततात, म्हणून त्यांना ती १.८ ची चिंता. खळखळून एक उकळी आली की मॅप राहत नाही. फक्त उकळी म्हणजे उकळी, कडेने बुडबुडे दिसले की गॅस बंद नव्हे. आणि वर चढताना ढवळा, नाहीतर साय धरते आणि आत नीट तापत नाही.

पिठलंभाकरी

सगळ्यांचे खूप आभार. ओपीडी डॉक्टरांचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. टीबीचं ऐकल्यावर त्यांनीच पातेलं गॅसवर ठेवलं. रतीब चालूच राहणार, तो मुद्दा सोडायला त्या तयार नाहीत, पण तापवून. आता दोन उपप्रश्न. दिराला मुळात दूध द्यावं का, काही जण म्हणतात दूधच बंद करा, केसीनने (दुधातलं प्रथिन) आतडं सुजतं. आणि ते ए२ (केसीनचाच एक प्रकार, देशी गाईचं म्हणून विकतात ते दूध) चं खरं काय?

साडेतीन_फूट_कमी

आजार उसळलेला असताना मला दूध अजिबात चालत नाही, गॅस आणि धावपळ. शांत असताना चहा, दही, ताक सगळं चालतं. प्रत्येकाचं वेगळं. आहारतज्ज्ञाला विचारून ठरवा, उगाच सगळं बंद केलं की कॅल्शियम जातं, त्यात स्टेरॉइड झालेली असतील तर हाडांचं कल्याण. केसीनवाल्यांसाठी माहिती, लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा-आठ आठवडे जेवण बंद करून नुसत्या पेयावर ठेवतात आणि त्याने आजार शांत होतो. त्यातली काही पावडर चक्क दुधाच्या केसीनचीच असते.

ओपीडी_नंबर_४

अनुमोदन. ए२ दुधाने काहींना पोट हलकं वाटतं एवढंच, क्रोन्सशी त्याचा संबंध दाखवलेला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) पाकिटावरचं ए१-ए२ काढून टाका असा आदेश काढला होता आणि आठवड्याच्या आत मागे घेतला, त्यामुळे लेबलं आहेत तशीच. पैसे तुमचे.

मावळतीचं_ऊन

माझी एक शंका. पंचामृतात आम्ही निरसंच दूध घालतो. आणि खरवस? चीक तर कच्चाच येतो.

गोठ्यातून

आजी, पंचामृताला तापवून गार केलेलं घाला, देव काही म्हणत नाही. पिठलंभाकरींच्या दिराच्या हातावर तर तेच. खरवसाची काळजी नको, चीक-दूध-गूळ कुकरला किंवा मोदकपात्रात चांगला वीस-पंचवीस मिनिटं वाफवता ना, मधोमध सुरी घातली तर कोरडी निघाली पाहिजे, मग झालं. चव बघायला कच्चा चीक बोटाने चाटतात तेवढं सोडा.

रानमेवा_०७

बरं, मी काही लगेच पार्टी बदलत नाही. पण माझ्या गोठेवाल्याला काय विचारू ते सांगा. आणि गाईंची तपासणी होते का कुठे?

गोठ्यातून

हे विचारलंत ते कामाचं. मोठ्या गाईंत सारखं पातळ शेण कुणाला असतं का ते विचारा, आणि बाहेरून विकत घेतलेली जनावरं वेगळी बांधून तपासतात का. व्यायल्यावर वासराला स्वच्छ जागी, धुतलेल्या सडाचा चीक मिळतो का हे स्वतः डोळ्यांनी बघा. टीबी आणि ब्रुसेलाची तपासणी कधी झाली त्याचा कागद मागा, जोन्सच्या आधी ती महत्त्वाची. कालवडींना ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या वयात देतात, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरवर नोंद असते. जोन्ससाठी रक्ताची एलायझा किंवा शेणाची पीसीआर होते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवता येतो का बघा, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे चौकशी करा. एकदा निगेटिव्ह आली म्हणून सुटला असं नाही, आजाराच्या सुरुवातीला या तपासण्या चुकतात, दरवर्षी करावी लागते. गोठेवाला कागद दाखवायला कां कूं करायला लागला तर दूध तापवा किंवा गोठा बदला.

रानमेवा_०७

रविवारी जातोय. कागद मागतो. तोपर्यंत मुलांचं तापवून देतो.

कुरकुऱ्या

शंभरी हुकली.